यूटामधील बीअर व घरगुती बीअरनिर्मिती

यूटामधील बीअर व घरगुती बीअरनिर्मिती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यूटा या पश्चिमेकडील राज्यात, मद्यापासून दूर राहणे हा धर्माचरणाचा भाग मानणाऱ्या मॉर्मन समाजाच्या शेजारी आणि बऱ्याच अंशी त्याच्या आतही वाढलेली बीअर तयार करण्याची व पिण्याची परंपरा. राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी हे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे मुख्य ठाणे असून अनुयायांना ‘मॉर्मन’ किंवा ‘सेंट्स’ म्हणतात. येथील बीअरचा इतिहास म्हणजे निषेध आणि पळवाटा यांचा झगडा, अशी मांडणी नेहमी केली जाते. ती अपुरी आहे. कडक दारू वेगळी आणि बीअर वेगळी ही विभागणी पंथाच्या मूळ वचनातच दिसते आणि राज्याचा कायदा आजही तशाच एका रेषेवर उभा आहे.

धार्मिक आधार : पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–४४) यांनी २७ फेब्रुवारी १८३३ रोजी ओहायोतील कर्टलंड येथे सांगितलेले वचन ‘वर्ड ऑफ विज्डम’ या नावाने ओळखले जाते. ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या धर्मग्रंथाचे ते ८९ वे प्रकरण होय. त्यात वाइन व कडक दारू, तंबाखू आणि गरम पेये वर्ज्य सांगितली आहेत. कडक दारू पोटात घेण्यासाठी नसून अंग धुण्यासाठी आहे, असे तेथे म्हटले आहे. मात्र प्रभुभोजनाच्या विधीसाठी स्वतः केलेली शुद्ध द्राक्षांची वाइन चालते. वचनाच्या आरंभीच ते ‘आज्ञा किंवा सक्ती म्हणून नाही’ असा खुलासा आहे. वादाला कारण झाले ते सतरावे कडवे. त्यात धान्यांची वाटणी येते : गहू माणसासाठी, मका बैलासाठी, ओट घोड्यासाठी, राय कोंबड्या-डुकरांसाठी, आणि बार्ली सर्व उपयुक्त जनावरांसाठी व ‘सौम्य पेयांसाठी’.

ही सौम्य पेये कोणती, याविषयी दोन मते आहेत. पंथातील अनेक भाष्यकार त्यांचा अर्थ बार्लीचे पाणी किंवा भाजलेल्या बार्लीचा काढा असा, म्हणजे बिनमद्यार्काचा घेतात. आजच्या आचाराशी हा अर्थ जुळतो. दुसऱ्या मतानुसार १८३३ मधील वाचकाला त्यातून हलकी बीअर सहज समजली असती. त्या काळची मद्यसंयमाची (टेंपरन्स) चळवळ पाहिली तर हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन टेंपरन्स सोसायटीचा रोख सुरुवातीला व्हिस्की, रम यांसारख्या ऊर्ध्वपातित दारूवर होता. बीअर, सायडर यांनाही हात न लावण्याची पूर्ण वर्ज्यतेची शपथ १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वचनानंतर रूढ झाली. स्मिथ यांच्या स्वतःच्या दैनंदिनीतील नोंदीही याच बाजूने बोलतात. इलिनॉयमधील नॉव्हू येथे मार्च १८४३ मध्ये एका अनुयायाने बीअरचा कारखाना काढण्यास आपली हरकत नाही, असे त्यांनी सांगितले होते. १ जून १८४४ रोजी, मृत्यूच्या महिनाभर आधी, त्यांनी गावात ग्लासभर बीअर घेतल्याचीही नोंद आहे. अर्थात पंथाच्या पुढील शिकवणीला या नोंदी बांधून ठेवत नाहीत. वचनाचा पहिला अर्थ आणि त्याला आज असलेले धर्माधिकार्‍यांचे स्पष्टीकरण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते.

वसाहतीचा काळ : स्मिथ यांच्यानंतरचे पंथप्रमुख ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली पहिले वसाहतकरी जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. त्यांच्या समाजात मद्य नव्हते, हा समज खरा नाही. ‘व्हॅली टॅन’ नावाची स्थानिक व्हिस्की प्रवाशांना परिचित होती. १८६० च्या दशकात दक्षिणेच्या उष्ण भागात टोकरव्हिल, सेंट जॉर्ज या गावांभोवती चर्चच्या प्रेरणेने द्राक्षमळे लावले गेले. तेथील वाइन विधीत वापरली जाई, विकली जाई आणि दशमांश दान म्हणून चर्चच्या कोठारातही जमा होई. स्मिथ व यंग यांचे अंगरक्षक म्हणून गाजलेले ऑरिन पोर्टर रॉकवेल यांनी १८५० च्या दशकात सॉल्ट लेक व यूटा या दोन खोऱ्यांमधील ‘पॉइंट ऑफ द माउंटन’ या खिंडीत गरम झऱ्यांजवळ हॉटेल चालवले आणि त्याला जोडून बीअरही केली. १८५८ मध्ये कॅम्प फ्लॉइड येथे संघराज्याच्या सैन्याची मोठी छावणी पडली आणि तेथून जवळच असलेल्या या ठिकाणाला आयते गिऱ्हाईक मिळाले.

१० मे १८६९ रोजी प्रोमॉन्टरी समिट येथे पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग जोडला गेला आणि खाणींकडे बाहेरचे मजूर मोठ्या संख्येने आले. बीअरचा धंदा मुख्यतः जर्मन स्थलांतरितांच्या हाती गेला. हेन्री वॅगनर यांचा एमिग्रेशन कॅन्यनच्या तोंडाशी असलेला कारखाना, जेकब मॉरिट्झ यांची सॉल्ट लेक ब्रूइंग कंपनी, आल्बर्ट फिशर यांनी १८८४ मध्ये काढलेली फिशर ब्रूइंग कंपनी आणि ऑगडेन येथील बेकर ही त्यांपैकी ठळक नावे. खोऱ्यात हॉपचे (बीअरला कडवटपणा देणाऱ्या वनस्पतीचे) वेल घरोघरी असत, पण ते प्रामुख्याने पावाचे विरजण करण्यासाठी. सॅनपीट परगण्यात वसलेल्या डॅनिश कुटुंबांबरोबर घरच्या जेवणातील हलक्या बीअरची चालही आली असावी.

डॅनिश बीअरचा प्रश्न चर्चच्या सर्वोच्च वर्तुळातही निघाला. थॉमस अलेक्झांडर या इतिहासकाराने दाखवल्याप्रमाणे, विसाव्या शतकाच्या आरंभी बारा प्रेषितांच्या मंडळातील सर्वांचे आचरण एकसारखे नव्हते. मूळचे डेन्मार्कचे अँथन लुंड यांना डॅनिश बीअर प्रिय होती. १९०१ च्या सुमारास ज्येष्ठ प्रेषितांपैकी जॉन हेन्री स्मिथ व ब्रिगम यंग (धाकटे) यांचे मत चर्चने बीअरला, निदान डॅनिश बीअरला, मनाई करू नये असे होते. ‘सौम्य पेये’ या शब्दांचा जुना अर्थ तोवर पुसला गेला नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. पुढे जोसेफ एफ. स्मिथ व हीबर जे. ग्रँट या चर्चच्या अध्यक्षांच्या काळात वचन सल्ल्याकडून नियमाकडे सरकले. विधीतील वाइनची जागा पाण्याने घेतली. मंदिरप्रवेशाच्या शिफारसपत्रासाठी मद्यवर्ज्यता आवश्यक ठरली, याचे वर्ष साधारणपणे १९२१ दिले जाते. बदल टप्प्याटप्प्याने झाल्यामुळे एकच तारीख धरून बसण्यात मात्र अर्थ नाही.

दारूबंदी व ३.२ टक्क्यांची बीअर : राज्यात १ ऑगस्ट १९१७ पासून दारूबंदी लागू झाली, म्हणजे राष्ट्रीय बंदीच्या अडीच वर्षे आधी. कायद्यावर सही करणारे राज्यपाल सायमन बॅमबर्गर हे ज्यू होते. बंदी उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीला ५ डिसेंबर १९३३ रोजी संमती देऊन आवश्यक छत्तीस राज्यांचा आकडा पूर्ण केला तोही यूटानेच. चर्चचे अध्यक्ष ग्रँट यांनी उघडपणे विरोध करूनही मतदारांचे बहुमत बंदी उठवण्याच्या बाजूने पडले होते. मॉर्मन मतदार चर्चच्या शब्दाबाहेर जात नाही, या गृहीतकाला हा निकाल मोठा अपवाद आहे. १९३५ पासून कडक दारूची विक्री राज्याने स्वतःच्या हाती घेतली. हलकी बीअर मात्र किराणा दुकानांत राहिली.

हलकी म्हणजे किती, याचे उत्तर ७ एप्रिल १९३३ रोजी अमलात आलेल्या कलन-हॅरिसन कायद्याने दिले होते : वजनी ३.२ टक्के मद्यार्क. घटनादुरुस्ती होण्यापूर्वी ‘नशा न आणणारी’ म्हणून विकता येईल अशी ती मर्यादा होती. हा आकडा अनेक दशके गैरसमजाचे मूळ ठरला. इतरत्र बीअरच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण घनफळानुसार छापतात. मद्यार्काची घनता पाण्याच्या सुमारे ०.७९ पट असल्याने तेवढाच मद्यार्क वजनात कमी आणि घनफळात जास्त भरतो. वजनी ३.२ टक्के म्हणजे घनफळाने सुमारे ४ टक्के. देशभर खपणाऱ्या कित्येक ‘लाइट’ लागर जातीच्या बीअर ४.२ टक्क्यांच्या असतात. तेव्हा यूटाची बीअर अर्ध्या ताकदीची ही परगावच्या पाहुण्यांची तक्रार आकडेमोडीवर टिकत नाही. ओक्लाहोमा, कॅन्सस व कोलोरॅडो यांनी २०१८–१९ मध्ये ३.२ ची पद्धत सोडली. कारखान्यांना ती वेगळी बीअर करणे परवडेनासे होऊ लागले आणि यूटानेही १ नोव्हेंबर २०१९ पासून मर्यादा वजनी ४, म्हणजे घनफळाने ५ टक्क्यांवर नेली. नळावरची बीअर याच मर्यादेत असावी लागते. त्याहून तीव्र बीअर कायद्याच्या भाषेत ‘हेवी बीअर’ ठरते आणि मुख्यतः सरकारी दुकानांत मिळते. ती दुकाने रविवारी बंद असतात.

या मर्यादेने कारागिरांना एक कसब शिकवले. कमी मद्यार्काची बीअर सहज पाणचट लागते. ते टाळायचे तर वर्टची (माल्टपासून काढलेल्या, किण्वनापूर्वीच्या गोड द्रवाची) सुरुवातीची घनता (पाण्याची १ धरून) १.०४० च्या आसपास धरून ती १.०१० च्या खाली उतरू द्यायची नाही. या दोहोंतील फरकावरून घनफळाने ३.९ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क येतो. त्यासाठी भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात ६८–६९° से. तापमानाला ठेवतात. त्या तापमानाला बीटा-अमिलेज हे एंझाइम लवकर निकामी होते, अल्फा-अमिलेज टिकते आणि यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन शर्करा मागे राहून बीअरला अंग येते. हॉपही बेताने घालावे लागतात, कारण कडवटपणा झाकायला गोडवा थोडाच असतो. यूटाच्या कारखान्यांनी हलक्या बीअरच्या प्रकारांत जो लौकिक मिळवला त्यामागे हे सक्तीचे शिक्षण आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

पुनरुज्जीवन : जुन्या कारखान्यांपैकी फिशर १९६७ मध्ये बंद पडला आणि राज्यातील बीअरनिर्मिती जवळपास थांबली. १९८६ मध्ये मिलवॉकीहून आलेल्या ग्रेग शर्फ यांनी पार्क सिटीत ‘वॉसॅच’ सुरू केली. जागीच बीअर करून विकणाऱ्या पबांना विधिमंडळाने परवानगी दिल्यावर १९८९ मध्ये वॉसॅच व सॉल्ट लेक सिटीतील ‘स्क्वॉटर्स’ ही पहिली ठिकाणे उघडली. ‘युइंटा’ १९९३ मध्ये आली. सुरुवातीला केवळ तीव्र बीअर करणारी ‘एपिक’ २०१० मध्ये, तर फिशर कुटुंबाच्या वंशजाच्या सहभागाने त्याच नावाचा कारखाना २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला. बारमध्ये जाण्यासाठी खासगी क्लबचे सभासदत्व घेण्याची अट २००९ मध्ये राज्यपाल जॉन हंट्समन (धाकटे) यांच्या पुढाकाराने गेली. हंट्समन स्वतः मॉर्मन कुटुंबातले आहेत. उलट दिशेचे पाऊलही पडले : वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा डिसेंबर २०१८ अखेर ०.०५ टक्के झाली, ती देशात सर्वांत कडक होय.

घरगुती निर्मिती : राष्ट्रीय दारूबंदी उठल्यावर घरी वाइन करण्यास मुभा मिळाली, पण बीअर मुभेबाहेर राहिली. लघुलेखकाच्या हातून ‘किंवा बीअर’ हे शब्द गळाले, अशी कथा घरगुती बीअर करणाऱ्यांत प्रिय आहे. ती जपूनच घ्यावी. बीअरवरील उत्पादनशुल्क हे सरकारी उत्पन्नाचे जुने साधन होते आणि ती वगळण्यास तेवढे कारण पुरेसे होते. ही उणीव राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने दूर झाली. एका प्रौढासाठी वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७९ लिटर) आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबासाठी २०० गॅलन करमुक्त ठरले. मात्र एकविसाव्या दुरुस्तीने मद्याचा विषय राज्यांकडे दिलेला असल्याने प्रत्येक राज्याला स्वतःचा कायदा करणे भाग होते.

यूटात तो २००९ मध्ये झाला. मधल्या तीस वर्षांतील स्थिती चमत्कारिक होती. माल्ट, हॉप, यीस्ट, काचेचे मोठे बुधले हे सारे दुकानात राजरोस मिळे. ‘द बीअर नट’ हे सॉल्ट लेक सिटीतील दुकान १९९० च्या दशकापासून त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण परवान्याशिवाय प्रत्यक्ष बीअर करणे राज्याच्या कायद्यात बसत नव्हते, त्यामुळे मंडळे, चढाओढी, परीक्षकांपुढे नमुने ठेवणे यांना पक्का आधार नव्हता. यूटा या बाबतीत सर्वांत मागे मात्र नव्हते. मिसिसिपी व अलाबामा या बाप्टिस्ट वर्चस्वाच्या राज्यांत हीच मुभा २०१३ मध्ये आली. यूटाचा कायदा संघराज्याच्याच १०० व २०० गॅलनच्या मर्यादा पाळतो. बीअर स्वतःच्या व कुटुंबाच्या वापरासाठी असावी, विकू नये, करणारा २१ वर्षांवरील असावा, आणि प्रदर्शन वा स्पर्धेसाठी ती घराबाहेर नेता यावी, असा त्याचा आशय आहे. घरी ऊर्ध्वपातन करणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हाच राहिले.

घरी एका वेळी सामान्यतः ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची खेप करतात. येथे उंची ही विशेष अडचण आहे. सॉल्ट लेक सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मी. उंचीवर असल्याने पाणी ९६° से.च्या जरा खालीच उकळते. पार्क सिटीत, सुमारे २,१०० मी. उंचीवर, ते ९३° से.ला उकळते. हॉपमधील आल्फा आम्लांचे कडू रूपांतर कमी तापमानाला मंदावते. म्हणून पुस्तकातील कृतीपेक्षा हॉप थोडे जास्त घ्यावे लागतात किंवा उकळी लांबवावी लागते. लांब उकळीचा दुसरा फायदा असा की, फिकट माल्टपासून येणारा शिजलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर निघून जातो. उन्हाळ्यात खोऱ्यातील पारा ३५° से.च्या वर चढतो आणि एल जातीच्या यीस्टला १८–२०° से. लागते, म्हणून किण्वनाचे भांडे तळघरात ठेवण्याची पद्धत आहे.

घरगुती करणाऱ्यांना राज्याच्या मर्यादेचे बंधन नाही. नळावर न मिळणारे तीव्र स्टाउट, बार्लीवाइन हे बीअरचे प्रकार घरी करता येणे हे या छंदाचे येथील एक आकर्षण आहे. व्यवहारात तो सॉल्ट लेक, पार्क सिटी, ऑगडेन व मोआब या भागांत अधिक दिसतो. चर्चच्या ब्रिगम यंग विद्यापीठामुळे अधिक धार्मिक असलेल्या प्रोव्हो परिसरात तो तुरळक आहे.