मुरुड म्हणजे नक्की कोणतं? जंजिऱ्याचं की दापोलीचं?

कोकणात सहल ठरते, कोणीतरी "मुरुडला जाऊ" म्हणतं आणि सगळे हो म्हणतात. त्याच क्षणी विचारायला हवं की कोणतं मुरुड. आपल्या किनाऱ्यावर या नावाची दोन गावं आहेत आणि दोन्ही पर्यटकांची आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, ज्याला आपण मुरुड-जंजिरा म्हणतो. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं. दोन्हीकडे लांब वाळूचा किनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या, घरगुती खानावळी. दोन्हीच्या शेजारी समुद्रात किल्ला. गोंधळ होणार नाही तर काय?

सरळ रेषेत या दोन गावांमध्ये जेमतेम साठेक किलोमीटर अंतर आहे. पण मध्ये राजपुरीची खाडी आहे, पुढे सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी आहे आणि वाटेत घाटवळणं. खोली एका मुरुडची घेतली आणि गाडी दुसऱ्या मुरुडला नेली, तर चूक दुरुस्त करायला बहुतेक सगळा दिवस जातो.

खोली घेताना पत्त्यात तालुका आणि पिनकोड बघावा. रायगडच्या मुरुडचा पिनकोड 402401 आहे, दापोलीकडचे पिनकोड 415 ने सुरू होतात. पत्त्यात हर्णै, कर्दे, आंजर्ले, लाडघर यांपैकी काही दिसलं तर ते दापोलीचं मुरुड. काशीद, नांदगाव, राजपुरी, आगरदांडा दिसलं तर जंजिऱ्याचं. लातूर जिल्ह्यातही एक मुरुड आहे, पण त्याला समुद्र नाही, त्यामुळे इथे त्याचा प्रश्न येत नाही.

एक राजधानी, एक गाव

नावं सारखी असली तरी या दोन गावांची घडण अगदी वेगळी आहे, आणि माझ्या मते कुठे जायचं हे ठरवताना किनाऱ्याच्या फोटोंपेक्षा ही घडण समजून घेणं जास्त उपयोगी पडतं.

रायगडचं मुरुड हे संस्थानाच्या राजधानीचं गाव. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. निजामशाहीच्या काळात राजपुरीच्या खाडीतलं बेट त्यांच्या हाती आलं. त्याआधी तिथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील हा त्यांचा म्होरक्या होता, असं सांगतात. पुढे दगडी तटबंदी उभी राहिली आणि शतकानुशतकं टिकली. शिवाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचे प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव टाकून बेटापर्यंत वाट करायला घेतली, पण किल्ला हाती आला नाही. इंग्रजी अमदानीत सिद्दींचे नवाब संस्थानिक म्हणून राहिले. सौराष्ट्रातलं जाफराबादही त्यांच्याच ताब्यात होतं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. मुरुडमध्ये आजही तालुक्याच्या कचेऱ्या, नगरपरिषद आणि एसटीचं आगार आहे. काशीदकडून गावात शिरताना समुद्राच्या अंगाला नवाबांचा राजवाडा दिसतो. तो खासगी मालमत्ता आहे, रस्त्यावरूनच बघायचा.

दापोलीच्या मुरुडला असा राजा नव्हता. ते वाड्यांचं गाव. लांबच लांब रस्ता, दुतर्फा घरं, घरामागे नारळ-सुपारीची अरुंद वाडी आणि किनाऱ्याकडच्या वाड्यांच्या टोकाला वाळू. जांभ्या दगडाचे गडगे, पाटाचं पाणी, आणि मध्ये दुर्गादेवीचं जुनं देऊळ. त्या देवळातलं लाकूडकाम बघायला खरंच थांबावं, कोरीव खांब अगदी जवळ जाऊन बघता येतात. या गावाची ओळख मात्र एका माणसाने घडवली, महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी. त्यांचा जन्म 1858 मध्ये आजोळी, शेरवली गावी झाला, पण घर मुरुडचं आणि बालपणही मुरुडचं. परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला गेला, आणि वयाने फार लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज त्याच मुरुडमध्ये त्यांचं स्मारक आहे. 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं करणाऱ्या आणि 1958 मध्ये भारतरत्न मिळालेल्या माणसाचं हे गाव आहे, हे किनाऱ्यावर येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? मुलांना घेऊन गेलात तर एक सकाळ या स्मारकासाठी जरूर ठेवा.

समुद्रातले किल्ले

सगळ्यात मोठा घोटाळा किल्ल्यांचा. रायगडच्या मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात एक किल्ला दिसतो. बहुतेक जण तो जंजिरा समजून फोटो काढतात. तो जंजिरा नव्हे, पद्मदुर्ग. कांसा किल्लाही म्हणतात त्याला. जंजिरा बघायला गावातून दक्षिणेला, चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीला जावं लागतं. तिथला चढ ओलांडून रस्ता उतरू लागला की खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा पूर्ण तट एका नजरेत दिसतो.

पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधून घेतला, तोही सिद्दीच्या डोळ्यांसमोर, भर समुद्रात. त्याच्या कामाला रसद पोचवण्यात हयगय झाली म्हणून महाराजांनी 1675 च्या जानेवारीत सुभेदार जिवाजी विनायक यांना कडक पत्र लिहिलं. पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आहे, असं त्या पत्रात म्हटलं आहे. एवढी जोखीम का घेतली, ते या एका वाक्यावरून कळतं. पडकोटाच्या, म्हणजे मुख्य किल्ल्याबाहेरच्या तटाच्या, भिंतीपाशी गेलात तर एक गोष्ट जवळून बघा. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र जसाच्या तसा बाहेर उभा आहे. हात फिरवला तर चुन्याच्या कडा बोटांना लागतात. बुरुजाच्या माथ्यावर कमळाच्या पाकळ्यांसारख्या चर्या, म्हणजे तटाच्या कडेचे दगडी कंगोरे, आहेत. पद्मदुर्गाला होड्या नेहमी जात नाहीत, भरती-ओहोटी आणि नावाडी बघून ठरवावं लागतं. म्हणूनच तिथे गर्दी नसते.

जंजिऱ्याला गर्दी असते, आणि तरीही तो बघायलाच हवा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. किल्ल्याचं दार तटात असं दडवलं आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत आत शिरायची जागा कळत नाही. दारावरच्या शिल्पात एका पशूने पंजांत, तोंडात आणि शेपटीत मिळून सहा हत्ती पकडले आहेत. आत चहूबाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचे तलाव आहेत आणि कलालबांगडी ही पंचधातूची प्रचंड तोफ आहे. एक तक्रार मात्र आहे: होडीवाले परत यायला साधारण तास-पाऊण तासच देतात आणि बावीस एकरांचा किल्ला तेवढ्यात होत नाही. सकाळच्या पहिल्या होडीने जावं आणि चढण्याआधीच जास्त वेळ मागून घ्यावा.

दापोलीच्या मुरुडजवळचा किल्ला सुवर्णदुर्ग. तो हर्णैच्या समुद्रात आहे, आणि किनाऱ्यावर त्याचे तीन सोबती: कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. इथे सिद्दी नाहीत, इथलं मोठं नाव आंग्र्यांचं. कान्होजींच्या आरमाराचा हा महत्त्वाचा तळ होता. 1755 च्या एप्रिलमध्ये पेशवे आणि इंग्रज एक झाले आणि विल्यम जेम्स या इंग्रज कमोडोरने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. या विजयाची आठवण म्हणून जेम्सच्या बायकोने लंडनमध्ये एक त्रिकोणी बुरूज बांधला, तो अजून उभा आहे आणि सुवर्णदुर्गाचंच इंग्रजी वळणाचं नाव मिरवतो. आपल्याच आरमाराचा बालेकिल्ला आपल्याच भांडणात गेला, हे तिथे उभं राहिलं की फार लागतं. किल्ल्यात आता झाडोरा माजला आहे, पण दारातलं कासव आणि मारुती बघण्यासारखे आहेत. होडी हर्णै बंदरातून मिळते.

हवा

पाऊस दोन्हीकडे भरपूर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात समुद्र खवळलेला असतो, किल्ल्यांच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. पावसाळ्यात जाऊ नये असं मी म्हणणार नाही, हिरवा कोकण बघायचा तर तेव्हाच, पण किल्ला आणि ताजी मासळी या दोन गोष्टी मनातून काढून टाकाव्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. मार्चपासून घाम फुटायला लागतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी वाळूवर पाय ठेवणं कठीण होतं.

एक गैरसमज इथेही आहे. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात आणि हिवाळ्यात तिथला पारा कधीकधी दहा अंशांच्या आसपास येतो, म्हणून लोक मुरुडला स्वेटर घेऊन जातात. दापोली शहर डोंगरावर आहे, इंग्रजांनी तिथे छावणी टाकली ती त्या हवेसाठीच. मुरुड बारा-तेरा किलोमीटर खाली, समुद्राला लागून. तिथली हवा जंजिऱ्याच्या मुरुडसारखीच दमट आणि सौम्य असते. गारवा हवा असेल तर मुक्काम दापोलीत करावा आणि समुद्रावर दिवसा यावं.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मुरुड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली हा सगळा पट्टा झोडपला. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला कित्येक वर्षं जातात, त्यामुळे वादळ एका दिवसाचं असलं तरी वाडीवाल्याचं नुकसान पुढची अनेक वर्षं चालतं. कोणी विरळ वाडीतली छोटी रोपं दाखवत काही सांगू लागलं तर ऐकून घ्या.

मग जायचं कुठे?

इतिहासासाठी आणि किल्ल्यांसाठी जायचं असेल तर जंजिऱ्याचं मुरुड, यात मला शंका नाही. दोन जलदुर्ग, खोकरीचे सिद्दींच्या कबरींवरचे घुमट, जवळच कुड्याची बौद्ध लेणी, आणि नवाबांच्या शिकारीचं जंगल असलेलं फणसाड अभयारण्य. 1986 मध्ये अभयारण्य झालेल्या या जंगलात पहाटे गेलात तर शेकरू दिसण्याची आशा असते. मुंबईहून गेटवेवरून मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद असा रस्ता आहे. समुद्राच्या कडेने जाणारा नांदगावपर्यंतचा टप्पा मला फार आवडतो.

समुद्र, निवांत गाव आणि मासे हवे असतील तर दापोलीचं मुरुड. किनारा लांब आणि सपाट, कर्द्यापर्यंत पायी जाता येतं, हिवाळ्यात सकाळी होडीतून डॉल्फिन दिसतात. आणि हर्णैचा लिलाव तर चुकवूच नये. दुपार कलली की बोटी बंदराबाहेर थांबतात, लहान होड्या मासळी आणतात, पाण्यात उतरलेल्या बैलगाड्यांवर टोपल्या चढतात आणि ओल्या वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकुळाचे ढीग लागतात. बोली इतक्या झपाट्याने चढते की नवख्याला आकडा समजेपर्यंत ढीग विकलेला असतो. घरच्यापुरते मासे हवे असतील तर लिलावात पडू नये, कडेला बसलेल्या कोळणींकडून वाट्याने घ्यावे. आसूदचं केशवराज, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि पन्हाळेकाजीची लेणी एका मुक्कामात होतात. रेल्वेने यायचं तर खेड स्टेशनला उतरून दापोलीमार्गे यावं.

समुद्रात उतरण्याबद्दल दोन्हीकडे एकच सांगणं आहे. ओहोटीत पाणी मागे खेचतं आणि किनारा दिसतो तितका उथळ नसतो. 2016 च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याच्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. गावातल्या कोळ्यांना भरती-ओहोटीची वेळ विचारायला एक मिनिट लागतं, आणि ते नको म्हणाले तर पाण्यात जाऊ नये.

चार दिवस हाताशी असतील तर दोन्ही मुरुड एकाच फेरीत जोडता येतात. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गाडीसकट जायचं, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून दुसऱ्या फेरीबोटीने वेसवीला उतरायचं, आणि केळशी-आंजर्ल्यावरून हर्णैला यायचं. निघण्याआधी दोन्ही फेऱ्यांच्या शेवटच्या वेळा विचारून ठेवा. बागमांडल्याची शेवटची बोट चुकली तर म्हाप्रळच्या पुलावरून फार मोठा वळसा पडतो.