बोलण्यातला ‘इगो’ आणि फ्रॉइडचा ‘इगो’

आमच्या वाडीत दोन सख्खे भाऊ एका गडग्यावरून सहा वर्षं बोलत नव्हते. गणपतीत मुंबईहून आलेला धाकटा माजघरात आरती करायचा आणि थोरला अंगणात उभा राहायचा. वाडीचं निदान एकच: ‘तेका इगो लय आसा.’

वाडीच्या तोंडी इगो म्हणजे ताठा. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या संदर्भात हाच शब्द आला की अर्थ पार पालटतो. त्याच्या मूळ जर्मनमध्ये तर ‘इगो’ नाहीच. 1923 च्या पुस्तकात त्याने ‘इश’ म्हणजे साधं ‘मी’, ‘एस’ म्हणजे ‘ते’ आणि ‘उबर-इश’ म्हणजे ‘मीच्या वरचा’ असे शब्द घेतले. इगो, इड, सुपरइगो ही लॅटिन नावं इंग्रजी भाषांतरातून आली. मराठी पुस्तकांत त्यांचं अहम्, इदम्, पराहम् झालं, आणि ‘अहम्’ वाचला की आपल्या कानाला ‘अहंकार’ ऐकू येतो. खरं तर सांख्य दर्शनातही अहंकार म्हणजे गर्व नव्हे, ‘मी’ची जाणीव घडवणारं तत्त्व.

फ्रॉइडचा इगो मला तांडेलासारखा दिसतो. खाली पाण्याची ओढ, समोर खडक, मागे मालकाचा हुकूम, आणि सुकाणू त्याच्या हातात. 1933 मध्ये फ्रॉइडने लिहिलं की इगोला तीन कडक धन्यांची चाकरी करावी लागते: इड, सुपरइगो आणि बाहेरचं जग. तिघांच्या मागण्या जुळत नाहीत आणि जीव टांगणीला लागतो.

थोरल्याचंच घ्या. गडगा आत्ताच्या आत्ता पाडून टाकावा, ही इडची ओढ. तिला काळवेळ कळत नाही. ‘पाठच्या भावाशी वैर धरतोस?’ हा गेलेल्या वडिलांचा आवाज सुपरइगोचा. तो आपल्या भल्याचंच सांगतो असं समजू नये, रात्र रात्र टोचणी लावण्याइतका तो निष्ठुर होऊ शकतो. आणि ‘मोजणी होईपर्यंत कुदळीला हात लावायचा नाही’ असं ठरवणारा तो इगो. ‘मला कुठे जमीन हवीय, पोरांसाठी हद्द लागते’ अशी स्वतःची समजूत घालणाराही तोच. असे बचाव बहुतेक आपल्या नकळत चालतात. म्हणजे इगोचाही मोठा भाग नेणिवेतच आहे. मनाची जाणीव आणि नेणीव एवढीच जुनी विभागणी फ्रॉइडला पुरेनाशी झाली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

मग आपल्या बोलण्यातला ‘इगो’ फ्रॉइडकडे कुठे सापडेल? माझ्या मते त्याच्या 1914 च्या आत्मप्रेमावरच्या लेखात. लहानपणी स्वतःवर असलेलं प्रेम पुढे स्वतःच्या एका आदर्श चित्राकडे वळतं, असं तो म्हणतो. त्या चित्रावर ओरखडा उठला की आपण ‘इगो दुखावला’ म्हणतो. म्हणून ‘त्याला फार इगो आहे’ आणि ‘त्याचा इगो भक्कम आहे’ ही जवळजवळ उलटी विधानं आहेत. इगो भक्कम असेल तर माणूस नकार सोसतो, थांबतो, समोर आहे ते मान्य करतो. ताठ माणसाला नेमकं हेच जड जातं.

गेल्या गणपतीत थोरला माजघरात आला. टाळ हातात घेतले. आरती संपल्यावर धाकट्याकडे न बघताच म्हणाला, ‘मोजणीचो अर्ज मियां दिलंय.’