विनाकारण भीती आणि चाक फिरवणारा उंदीर

जिनिव्हाच्या मनोरुग्णालयात एक बाई होत्या. युरोपातल्या राजधान्यांची नावं त्यांना बिनचूक सांगता येत, तोंडी हिशेब जमत. पण सहा महिने त्यांची देखभाल करणारी नर्स त्यांना रोज नवीच वाटे. कॉर्साकॉफ नावाच्या आजारानं नव्या आठवणी साठवण्याची त्यांची शक्ती गेली होती. मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी एकदा बोटांच्या मध्ये टाचणी लपवून त्यांच्याशी हात मिळवला. बाईंना टोचलं, आणि थोड्याच वेळात त्या सगळा प्रसंग विसरल्या. पुढे क्लापारेद यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा मात्र बाईंनी आपला हात झटकन मागे घेतला. का, असं विचारलं तर त्या गोंधळल्या. हात मागे घ्यायचा माणसाला हक्क नाही का, असं म्हणाल्या. फारच खोदून विचारल्यावर, लोकांच्या हातात कधी कधी टाचण्या असतात, एवढंच सुचलं. ती टाचणी आपल्यालाच टोचली होती हे काही केल्या त्यांना आठवलं नाही. क्लापारेद यांनी हे 1911 मध्ये प्रसिद्ध केलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण कारण न सापडणारी भीती समजून घ्यायची तर या बाईंपासूनच सुरुवात करावी लागते.

तिन्हीसांजेला उगाच पोटात खड्डा पडणं, भरल्या घरात अचानक जीव घाबरा होणं, ठरावीक रस्त्यावर पाय जड होणं. अशा माणसाला आपण काय सांगतो? ‘काही झालंय का? नाही ना? मग मन घट्ट कर.’ हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. घाबरलेल्याला कारण सांगता येत नाही म्हणजे कारणच नाही, असं आपण धरून चालतो. मेंदू मात्र घडलेला प्रसंग एकीकडे साठवतो आणि त्यातला धोका दुसरीकडे.

हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते 1995 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात. लोकांना वेगवेगळ्या रंगांचे पडदे दाखवायचे, आणि एक विशिष्ट रंग दिसला की कानठळ्या बसवणारा बोटीचा भोंगा वाजवायचा. चार-दोन वेळा असं झालं की नुसता तो रंग दिसला तरी तळहाताला बारीक घाम सुटतो. अभ्यासातल्या एका रुग्णाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे प्रसंगांची आठवण जुळवणारा भाग, निकामी होता. रंग दिसताच त्याच्या हाताला घाम यायचा, पण कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो ते त्याला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या रुग्ण बाईंचा दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झाला होता. हा कानशिलाच्या आत खोलवर असलेला बदामाएवढा भाग. कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे त्या अचूक सांगत, पण हात कोरडाच. एकाकडे कारणाशिवाय भीती, दुसरीकडे भीतीशिवाय कारण.

या दुसऱ्या बाई शास्त्रीय जगतात ‘एसएम’ या अक्षरांनी ओळखल्या जातात. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारानं त्यांचा अमिग्डाला गेला. त्यांना साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेलं, भुताटकीच्या खेळात नेलं, त्या घाबरल्या नाहीत. अमिग्डाला म्हणजेच भीतीचं केंद्र, असं चित्र त्यामुळे पक्कं होत चाललं होतं. मग 2013 मध्ये संशोधकांनी त्यांना मुखवट्यातून 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका श्वासात घ्यायला दिली. मोठी झाल्यापासून भीती ठाऊक नसलेली ही बाई मुखवटा ओढून काढायला धडपडू लागली, मदत मागू लागली. असाच आजार असलेल्या जुळ्या बहिणींचंही तेच झालं.

माझ्या मते भीतीच्या अभ्यासातला हा अलीकडचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष आहे. साप, अंधार, परका माणूस ही बाहेरची भीती अमिग्डालाच्या वाटेनं येते. पण शरीराच्या आतून उठणाऱ्या भीतीला दुसरेही रस्ते आहेत. रक्तातलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढलं की गुदमरण्याचा इशारा मिळतो, आणि त्याला बाहेरच्या कुठल्याही वाघाची गरज नसते.

नुसत्या ‘अचानक’ येणाऱ्या भीतीचा उलगडा बराचसा इथे होतो. जिने भराभर चढलो, उपाशीपोटी दोन कप कडक कॉफी घेतली, रात्री झोप झाली नाही, छाती धडधडते. एरवी आपण लक्षही देत नाही. पण एखाद्या दिवशी मनात येतं, हा हार्ट अटॅक तर नाही? त्या विचारानं श्वास वाढतो. भराभर श्वास घेतल्यानं आता कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या म्हणून खात्रीच पटते की काहीतरी भयंकर होतंय. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये पॅनिकचं, म्हणजे अशा अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचं, हे चक्र मांडलं आणि त्यावरचे उपचार त्यातूनच घडत गेले. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल, रक्तातली साखर उतरली असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तरीही हुबेहूब असंच वाटतं. म्हणून पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घ्याव्यात, मनाला दोष देत बसू नये.

आणि देवऋषाकडे तर मुळीच जाऊ नये. ‘बाहेरचं काहीतरी आहे’ हा निदानाचा सोपा प्रकार आपल्याकडे अजून संपलेला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो कायदा करावा लागला, यातच किती घाबरलेल्या माणसांना मार खावा लागला असेल ते आलं.

आता पुढचं. भीती कळली, तरी ती जाते असं नाही. लिफ्टमध्ये एकदा जीव घाबरला की दुसऱ्या दिवशी माणूस जिना घेतो. जिन्याकडे वळताक्षणी जी सुटका वाटते ना, तीच घात करते. ते मेंदूला मिळालेलं बक्षीस असतं, आणि बक्षीस मिळालेली गोष्ट मेंदू पुन्हा करतो. मग लिफ्ट सुटते, नंतर गर्दीची लोकल, नाट्यगृहातली मधली खुर्ची, लांबचं लग्न. एकेक नकार त्या त्या वेळी अगदी शहाणपणाचा वाटतो. काही वर्षांनी मागे वळून पाहिलं तर घर, नोकरी, नाती यांतले कितीतरी निर्णय भीतीनं परस्पर उरकून टाकलेले असतात.

इथे स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या उंदरांकडे वळायला हवं. दोन उंदीर, दोन वेगळ्या पेट्या, दोघांच्या शेपटीला सारखाच विजेचा झटका. दोघांच्याही पुढ्यात एक छोटं चाक. पहिल्यानं चाक फिरवलं की झटका दोघांचाही थांबतो. दुसऱ्याचं चाक नुसतंच फिरतं, त्यानं काही होत नाही. म्हणजे झटके दोघांना तंतोतंत तेवढेच. तरी पहिला उंदीर नंतर बऱ्यापैकी नेहमीसारखा वागतो आणि दुसरा भित्रा होतो, सुटायची वाट समोर असली तरी धडपडत नाही.

मायर आणि मार्टिन सेलिग्मन यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर अशाच धर्तीचे प्रयोग केले होते आणि प्राणी हतबलता शिकतो असं म्हटलं होतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी आपला सिद्धांत उलटा केला. लांबत गेलेल्या त्रासात गळून बसणं हे शिकावं लागत नाही, ती मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे; मेंदूच्या देठातला, सेरोटोनिन नावाचं रसायन बनवणारा पेशींचा पुंजका ती घडवतो. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. चाक फिरवणाऱ्या उंदराच्या मेंदूत पुढच्या भागाला हे कळतं आणि तो भाग त्या पुंजक्याला आवर घालतो. हा पुढचा भाग औषधानं तात्पुरता बंद केला, तर चाक फिरवूनही उंदराला त्याचा फायदा होत नाही. आणि ज्यानं आधी कधी चाक फिरवलंय, तो पुढे आवाक्याबाहेरचा त्रास आला तरी तितका कोसळत नाही.

उंदरावरून माणसाचं सगळंच ठरवता येत नाही, हे मान्य. तरीही ‘मन घट्ट कर’ या सल्ल्यात काय कमी आहे ते या चाकामुळे मला नेमकं सांगता येतं. त्यात फिरवायला चाकच नसतं. चांगला मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला आधी चाक देतो. कोणत्या गोष्टींनी किती भीती वाटते याची यादी रुग्णानं करायची, सुरुवात कुठून ते त्यानंच सांगायचं. पॅनिकच्या रुग्णाला कधी फिरत्या खुर्चीत बसवून गोल फिरवतात, कधी बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात. चक्कर येते, दम लागतो, छाती धडधडते, आणि या वेळी ते सगळं त्यानं स्वतः, ठरवून आणलेलं असतं. अशा वेळी ‘मी आत्ता घाबरलोय, हात थरथरतायत’ असं मोठ्यानं बोलणंही उपयोगी पडतं: 2012 मध्ये कोळ्याला घाबरणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, भीतीचं असं नाव घेणाऱ्यांचं शरीर आठवड्यानंतर कोळ्यासमोर इतरांपेक्षा शांत राहिलं. ज्यांना तज्ज्ञ गाठणं अवघड आहे त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे; मराठीतून बोलता येतं.

यानं जुनी भीती पुसली जात नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जुनी वाट बुजत नाही, तिच्या शेजारी दुसरी पडते. महिन्यांनी, नव्या जागी, थकलेल्या दिवशी पाय जुन्या वाटेला लागू शकतात. म्हणून सराव एकाच ठिकाणी करून भागत नाही. राहत्या इमारतीतल्या लिफ्टची धास्ती गेली, तरी ऑफिसच्या लिफ्टची, हॉस्पिटलच्या लिफ्टची वेगळी घालवावी लागते. सोबत कुणी असताना आणि एकट्यानं, सकाळी आणि रात्रीही. मध्येच एखाद्या दिवशी छातीत पुन्हा धडधडलं, तर आधीचं सगळं वाया गेलं असं नसतं. त्या दिवशी लिफ्टचं बटण दाबलं की झालं, हवं तर एकाच मजल्यासाठी.