मुखवट्याच्या पोशाखात ‘एसी’ नसतो

थीम पार्कमध्ये मुलांशी हस्तांदोलन करणाऱ्या केसाळ पात्राच्या पोशाखात वातानुकूलन यंत्र बसवलेले असते, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करत नाही, ती दुसरीकडे टाकते. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर आणि मोठी बॅटरी अंगावर घेऊन नाचणे व्यवहार्य नाही.

काही मुखवट्यांत छोटा पंखा असतो, आणि बहुधा त्यावरूनच हा समज रुजला असावा. पंखा हवा खेळती ठेवतो, थंड करत नाही. शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते, परंतु जाड फर आणि फोमच्या आतली हवा लवकरच दमट होत असल्याने घाम नुसता ओघळत राहतो. हवेने फुगवलेल्या पोशाखातला ब्लोअरही प्रामुख्याने आकार टिकवण्यासाठी असतो, कलाकाराच्या सुखासाठी नव्हे.

बर्फाच्या किंवा जेलच्या पिशव्यांचे जाकीट मात्र खरोखर वापरले जाते. तरीही हिशेब पाहावा: एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, तर मध्यम श्रमात शरीर सेकंदाला सुमारे ०.३ किलोज्यूल उष्णता निर्माण करते. म्हणजे ही सगळी उष्णता एकट्या बर्फानेच शोषायची म्हटली, तर एक किलो बर्फ फार तर वीसेक मिनिटे पुरेल, आणि तो वितळल्यावर जाकिटाचे ओझे तेवढे उरते.

म्हणूनच खरा बचाव यंत्राचा नसून वेळापत्रकाचा असतो. कलाकार थोडा वेळ बाहेर राहतो, मग आत जाऊन मुखवटा उतरवतो आणि पाणी पितो. सोबतचा सहायक घड्याळाकडे लक्ष ठेवतो, त्यामुळे रांग शिल्लक असतानाही पात्र निघून गेले, तर त्याला उद्धटपणा समजू नये.