२५९ दिवसांचं गणित

मंगळावर जायला किती दिवस लागतात? शाळेतलं उत्तर तयार असतं: अंतर भागिले वेग. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ जवळपास ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. ताशी ४० हजार किलोमीटरने निघालं, तर १,४०० तास, म्हणजे अठ्ठावन्न दिवस. उत्तर सपशेल चूक. पृथ्वी स्वतःच सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने धावते, यान त्या धावत्या गाडीतूनच सुटतं आणि मंगळही आपल्यासाठी थांबत नाही. तिथे नाकासमोर जाणारा रस्ताच नाही.

मग रस्ता कोणता? हे नेमकं मांडलं वाल्टर होमान यांनी. हे गृहस्थ जर्मनीत एसेन शहराच्या बांधकाम खात्यात अभियंता होते. ग्रहांचं गणित हा फावल्या वेळचा उद्योग. १९२५ साली त्यांनी ते पुस्तकरूपात छापलं. कल्पना अशी की सूर्याभोवती एक लंबवर्तुळ काढायचं, ज्याचं एक टोक पृथ्वीच्या कक्षेला टेकेल आणि दुसरं मंगळाच्या. त्याच्या अर्ध्या भागावरून गेलं की इंधन कमीत कमी लागतं.

वेळ काढायला खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा १६१९ मधला नियम पुरतो: सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन म्हणजेच फेरीला लागणाऱ्या वर्षांचा वर्ग. सूर्यापासून पृथ्वीचं अंतर १ धरलं, तर मंगळाचं १.५२. दोन्हींची सरासरी १.२६. तिचा घन जवळजवळ बरोबर २ येतो (हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा). त्याचं वर्गमूळ १.४१ वर्षं, ही पूर्ण फेरी. आपल्याला अर्धीच मारायची आहे: साधारण २५९ दिवस. परतीसाठी मात्र ग्रह पुन्हा जुळेपर्यंत मंगळावर सुमारे साडेचारशे दिवस बसून राहावं लागतं. निघायचा मुहूर्तही सव्वीस महिन्यांतून एकदाच.

होमान मार्च १९४५ मध्ये वारले. ग्रहाकडे निघालेलं एकही यान त्यांना पाहायला मिळालं नाही. मरिनर-४ १९६५ मध्ये २२८ दिवसांत मंगळाजवळून गेलं, मरिनर-७ १९६९ मध्ये अवघ्या १३१ दिवसांत. या दोन्ही यानांना तिथे थांबायचं नव्हतं, हेही विसरू नये. थांबायचं असेल तर घाई महागात पडते, कारण जादा वेग कमी करायलाही इंधनच लागतं.

आपल्या मंगळयानाकडे इंधन मोजकंच होतं. १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वीभोवतीची कक्षा सोडून ते २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचलं: २९७ दिवस. २५९ का नाही? होमान यांनी कक्षा गोल आणि एकाच पातळीत धरल्या होत्या. खरा मंगळ तिरक्या, लांबट कक्षेत फिरतो. त्यामुळे दर मुहूर्ताचं गणित नव्याने मांडावं लागतं.

इतके महिने मुख्य इंजिन बंदच होतं. २२ सप्टेंबरला ते चार सेकंद चालवून पाहिलं. दोन दिवसांनी ते साधारण तेवीस मिनिटं चाललं, आणि यान तेव्हा इतकं लांब होतं की त्याचा संदेश बंगळुरूपर्यंत यायला बारा मिनिटं लागत होती.