अभियांत्रिकी प्रवेश: ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कागदपत्रे आणि पसंतीक्रम नीट पाहा

महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीचे प्रवेश राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, सोबत रसायनशास्त्र किंवा नियमात दिलेला पर्यायी विषय, या विषयांत एकत्रित 45 टक्के (राज्यातील राखीव प्रवर्गांना 40 टक्के) आणि सीईटीचे गुण एवढे असले की विद्यार्थी पात्र ठरतो. नोंदणी, शुल्क आणि कागदपत्रांची पडताळणी हे टप्पे बहुतेकांचे सुरळीत पार पडतात. अडते ते पुढे.

पहिली अडचण जात वैधता प्रमाणपत्राची आहे. जातीचा दाखला हाती असला म्हणजे राखीव जागेचा हक्क पक्का झाला, असे अनेक पालक धरून चालतात. प्रत्यक्षात तो दाखला खरा असल्याचे जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. समिती जुना पुरावा मागते. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून, याचे उत्तर खिडकीवर मिळत नाही, आणि त्याचा भुर्दंड सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी सोसावा हे मुळीच योग्य नाही. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडावी, फार उपयोग होतो. अर्ज बारावीच्या वर्षातच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करावा. अर्जाच्या पावतीवर तात्पुरती सवलत मिळाली, तरी दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र न दिल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो.

दुसरी चूक तारखेची. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, प्रवेशाच्या वेळी चालू असणे पुरेसे नाही. ते त्या शैक्षणिक वर्षातील 31 मार्चपर्यंत वैध असावे लागते. 2025-26 च्या प्रवेशासाठी ही तारीख 31 मार्च 2026 होती. दाखल्यावरील वैधतेची ओळ आजच वाचावी. शिवाय जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या नमुन्यात हवा. जेईई या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातील दाखला येथे चालत नाही.

प्रवर्ग निश्चित झाल्यावरच महाविद्यालयांची यादी करण्यात अर्थ आहे, कारण मागील वर्षांच्या कट-ऑफमध्ये प्रत्येक प्रवर्गाचा आकडा वेगळा असतो आणि मुलींच्या राखीव जागांचा रकानाही स्वतंत्र असतो. दुसऱ्याच्या रकान्यातील आकडा पाहून आशा सोडणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

सर्वाधिक नुकसान ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहायच्या अर्जात, होते. यंत्रणा गुणवत्ता क्रमांकानुसार तुमच्या यादीत वरून खाली उतरते आणि मिळू शकणारा पहिला पर्याय देते; त्यामुळे वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालची संधी मुळीच कमी होत नाही. तरीही अनेकजण भीतीपोटी हमखास मिळणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकतात आणि तिथेच अडकतात. 2025-26 मध्ये पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला की तो स्वीकारणे बंधनकारक होते. न स्वीकारणारा पुढील फेऱ्यांतून बाहेर पडला. म्हणून जिथे खरोखर शिकायला जाणार नाही, असे महाविद्यालय वरच्या सहांत लिहूच नये. यादीतील प्रत्येक महाविद्यालयाचे वसतिगृह, रोजचा प्रवास आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क ही चौकशी फॉर्म भरण्यापूर्वी करावी; जागा मिळाल्यावर केलेली चौकशी उशिराची ठरते.

पैशांची ओढाताण असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागा मिळू शकतात. पण त्यांचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये पर्याय निवडण्याचा क्रमांक, वेगळा असतो आणि तो फॉर्ममध्ये स्वतंत्रपणे भरावा लागतो. केवळ उत्पन्नाचा दाखला जोडून ही जागा मिळत नाही, आणि माफी फक्त शिक्षण शुल्काची असते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) व इतर मागासवर्गातील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, मात्र ती कॅपमधील प्रवेशांना लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली तर ही सवलत हातची जाते, हे संस्थेच्या प्रवेश कक्षात कोणी आपणहून सांगेलच असे नाही.