साडेत्रेसष्ट किलोंचे ओझे: लष्करी अग्निशामकाच्या भरतीमागची पार्श्वभूमी

६३.५ किलो वजनाचा माणूस खांद्यावर घेऊन १८३ मीटर अंतर ९६ सेकंदांत पार करणे, २.७ मीटर रुंदीचा चर उडी मारून दोन्ही पायांवर उतरत ओलांडणे आणि ३ मीटरचा उभा दोर हातापायांनी चढणे, अशा चाचण्या लष्कराच्या डेपोंतील, म्हणजे साहित्य आणि दारूगोळ्याच्या कोठारांतील, फायरमन पदासाठी घेतल्या जातात. उमेदवार दहावी उत्तीर्ण असावा आणि त्याची उंची किमान १६५ सेंटिमीटर असावी, हे त्याआधी पाहिले जाते. आग विझवण्याचा पूर्वानुभव मागितला जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक तरुणांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते त्यांचा तिच्यावर सहज विश्वास बसत नाही. म्हणून ही अट अशी का आहे, हे मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

या चाचण्यांतील आकडे किलो-मीटरच्या हिशेबात विचित्र दिसतात, पण जुन्या मापांत मांडले की ते सरळ होतात. ६३.५ किलो म्हणजे नेमके १० स्टोन, १८३ मीटर म्हणजे २०० यार्ड, २.७ मीटर म्हणजे ९ फूट आणि १६५ सेंटिमीटर म्हणजे ५ फूट ५ इंच. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याआधीच्या मापांत ठरलेले हे निकष पुढे फक्त रूपांतरित होत आले, असा निष्कर्ष या आकड्यांवरूनच काढता येतो. आज बेळगावजवळच्या येळ्ळूर किंवा कडोलीच्या मैदानावर मित्राला खांद्यावर घेऊन धावणारा मुलगा ब्रिटिश अमदानीतल्या मापाचे ओझे उचलत असतो, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

त्या काळाच्या खुणा बेळगावात अजून ठळक आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून येथे आहे. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, रॉयल एअर फोर्सने बांधली आणि पुढे तेथेच भारतीय हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल उभी राहिली. विमानतळ, इंधनाच्या टाक्या आणि दारूगोळ्याचे साठे देशभर वाढले, तशी शहराच्या बंबावर अवलंबून न राहणाऱ्या अग्निशामकांची गरजही वाढली. दारूगोळ्याजवळची आग आणि बाजारपेठेतली आग यांत मूलभूत फरक आहे. दुसरीत पाण्याचा मारा किती वेळ टिकतो हे महत्त्वाचे असते, तर पहिलीत आग साठ्यापर्यंत पोहोचण्याआधी किती मिनिटे हाती आहेत यावर सारे ठरते.

हा फरक अत्यंत क्रूर रीतीने समोर आला तो १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. कापसाने पेट घेतला, बंब आले, जवान आगीशी झुंजत राहिले आणि दुपारी चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. हे जवान नवखे नव्हते. शहरातील आगींचा त्यांना भरपूर अनुभव होता आणि तरीही स्फोटकांच्या आगीपुढे तो अपुरा पडला. डेपोचे काम शिकवायचे तर ते वेगळेच शिकवावे लागते, हा धडा या घटनेत आहे आणि कोऱ्या पाटीच्या उमेदवाराला प्रवेश देण्यामागचे तर्कशास्त्र मला तरी येथेच सापडते.

स्वातंत्र्यानंतर हे शिक्षण संस्थांत बांधले गेले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. संरक्षण खात्यासाठी दिल्लीत स्वतंत्र अग्नि संशोधन संस्था होती, ती पुढे डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेच्या सीएफईईएस या आग, स्फोटके आणि पर्यावरण सुरक्षेच्या केंद्रात विलीन झाली. पद मात्र मुलकीच राहिले. आर्मी ऑर्डनन्स कोअर या लष्कराला शस्त्रे आणि साहित्य पुरवणाऱ्या विभागाच्या डेपोतील फायरमन गणवेश घालतो, बंबावर पाळी करतो, लीडिंग हँड आणि सुपरवायझर अशी बढतीची शिडी चढतो, पण तो जवान नसतो, तर संरक्षण खात्याचा ‘गट क’ कर्मचारी असतो. आमच्या गावांत अशा मुलाबद्दलही ‘मिलिट्रीत आहे’ एवढेच सांगितले जाते. त्या सांगण्यात अभिमान आहे आणि तो रास्तही आहे, परंतु अर्ज भरताना हा भेद माहीत नसला तर मुलगा भलत्याच जाहिरातीची वाट पाहत बसतो.

२०२२ च्या जून महिन्यात अग्निपथ योजना आली आणि नावांचा गोंधळ आणखी वाढला. ‘अग्निवीर’ हा चार वर्षांसाठी भरती झालेला सैनिक आहे. आग विझवण्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. फायरमन हे कायम पद आहे, त्यासाठी वयोमर्यादा साधारणपणे १८ ते २५ अशी असते. म्हणजे सैन्यभरतीचे वय ओलांडलेल्या तरुणालाही येथे काही वर्षे हाती राहतात. हवाई दल आणि नौदलाच्या नागरी पदांसाठी मात्र अग्निशमनाचे प्राथमिक प्रशिक्षण मागितले जाते, त्यामुळे ‘अनुभव लागत नाही’ हे विधान तिन्ही दलांना सरसकट लावू नये.

नौदलाची परंपरा तर निराळीच आहे. जहाजावर बाहेरून बंब येऊ शकत नाही, म्हणून तेथे प्रत्येक खलाशाला आग विझवणे शिकावे लागते आणि त्याचे प्रशिक्षण लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर दिले जाते. २६ एप्रिल २०१९ रोजी ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका कारवार बंदरात शिरत असताना आग लागली. ती विझवणाऱ्या पथकाचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान यांचा मृत्यू झाला. कारवार आपल्या सीमाभागातलेच, पण ही घटना येथील भरतीच्या चर्चेत क्वचितच ऐकू येते.

सीमाभागातील मराठी मुलांसाठी या वाटेचा आणखी एक अर्थ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर राज्याच्या नोकरीला कन्नडचे ज्ञान आवश्यक झाले. केंद्राच्या या भरतीला ती अट नाही, पण प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाची गाडी धावण्यात अडत नाही, अडते ती इंग्रजीच्या प्रश्नांत. तयारीचे सगळे तास मैदानावर घालवणाऱ्यांना हे वेळीच सांगितले पाहिजे.

कामाचे गांभीर्य डेपोंतील दोन आगींवरून कळते. २८ एप्रिल २००० रोजी भरतपूरच्या दारूगोळा डेपोत वाळलेल्या गवतामुळे आग पसरली. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात स्फोट होऊन १९ जण गेले आणि त्यांत आग विझवायला धावलेले डेपोचे अग्निशामक होते. दोन्ही घटना ऐन उन्हाळ्यातल्या आहेत. खानापूरच्या जंगलालगत वाढलेल्या मुलाला जाळरेषा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वणवा गावाकडे येऊ नये म्हणून गवत कापून मोकळा ठेवलेला तो पट्टा डेपोतही कोठारांभोवती राखावा लागतो, आणि बंबाला हात लावण्याआधी आगीची वाट अशी तोडून ठेवणे हाच या कामातला पहिला पाठ असतो.